मोहाखालचा प्लॉट

माजरीच्या कॉलनीतल्या क्वार्टरला आम्ही पोरं "आपलं घर" म्हणायचो, आणि बाबा दरवेळी दुरुस्ती करायचे, "घर नाई, क्वार्टर." त्यांचं बरोबरच होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे हातभर ओटा, सगळं कोळसा कंपनीचं. बाबा तिथे हजेरीबाबू होते. नोकरी संपली की किल्ली परत करायची, हा नियम. दुपारी खाणीत ब्लास्टिंग व्हायचं तेव्हा फळीवरची भांडी एकमेकांना खणखण भेटून घ्यायची, आणि वरून चुना गळतो म्हणून माय पातेल्यावर झाकण दाबून उभी राहायची. धुणं वाळत घालावं तर संध्याकाळी पांढऱ्याचं राखाडी झालेलं. माय म्हणायची, "मी कपडे धुऊन वाळू घालते का वाळू घालून धुते, मलेच समजून नाई राह्यलं."

मायचं माहेर आरमोरीच्या पलीकडचं, जंगलाला लागून. तिच्या सांगण्याप्रमाणे तिथल्या अंगणात आमची क्वार्टरांची अख्खी लाइन मावली असती. मी ते अंगण पाहिलेलं आहे. अर्धी लाइन मावली असती. पण क्वार्टरच्या स्वयंपाकखोलीला खिडकी नव्हती, हे मात्र खरं. धूर दारातून जायचा, आणि दारातच आम्ही पोरं बसलेलो, म्हणजे तो आमच्या डोळ्यांतून जायचा. लाखोळीची डाळ घोटताना माय घाम पुसत म्हणायची, "एक खिडकी. बाकी मले काई नको." हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की शेजारच्या बायका तिला 'खिडकीवाली' म्हणत.

अशात कॉलनीत प्लॉटची साथ आली. गोवर येतो तशी, एका लाइनीतून दुसऱ्या लाइनीत. एकाने भद्रावतीकडे तुकडा घेतला, विकला, आणि स्कूटर आणली. मग काय, ड्युटीवरून आलेली माणसं अंघोळीआधी प्लॉटचं बोलायला लागली. काळे चेहरे, पांढरे डोळे, आणि तोंडात एन.ए., लेआउट, कॉर्नर. बाबांना साथ जरा उशिरा लागली पण जोरात लागली. त्यांचा हिशोब सोपा होता: जमीन घ्यायची, भाव चढला की विकायची, त्यातून मोठी घ्यायची, तीही विकायची.

"आन राह्याचं कधी?" मायने विचारलं.

"राह्यलं की पैसा बसते."

"बसू द्या नं. मानूस बसासाठीच घर बांधते."

बाबा म्हणाले, तुले गुंतवणूक समजत नाई. माय म्हणाली, तुमाले खिडकी समजत नाई. आणि दोघं जेवायला बसले. आमच्याकडे भांडण जेवणाच्या वेळेपर्यंतच चालायचं. माझा नातू आता पुण्याहून फोनवर मला म्हणतो, "आजी, राहायचं घर म्हणजे गुंतवणूक नसते." मी त्याला म्हणते, बाबू, हे मी तुझ्या पणजोबाच्या तोंडून ऐकलं आहे, आणि पुढे काय झालं तेही पाहिलं आहे.

बाबांनी आयुष्यभर माणसांची हजेरी घेतलेली. आता ते जमिनीची घ्यायला लागले. दर रविवारी एसटीने आम्ही कुठेतरी जायचो. बाबांच्या हातात छत्री, मायच्या हातात भाकरी आणि ठेच्याचा डबा, आणि माझ्या हातात रिकामी काचेची बाटली. बाबा जागेच्या मधोमध उभे राहून दलालाला एकामागून एक विचारायचे. रस्ता कागदावर आहे का पायाखाली? सातबारा कोणाच्या नावाने? भाऊ किती, बहिणींनी सही दिली का? पूर आला तर पाणी कुठवर येतं? वर्ग एकची का वर्ग दोनची? दलाल घाम पुसायचा, आणि बाबा मान हलवायचे, जणू तोच गैरहजर आहे.

मायचा प्रश्न एकच. तो ती दलालाला विचारायचीच नाही, जवळच्या विहिरीला विचारायची. माझ्याकडची बाटली तिथे भरून घ्यायची, आणि घरी येऊन त्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला लावायची. आमच्या भागात पाणी मोठं खोडकर. काही विहिरींच्या पाण्यात डाळ सकाळी चढवली तर दुपारच्या भोंग्याला दाणा दाण्यासारखाच. अशी डाळ पाहिली की माय पळी आपटून म्हणायची, "नाई." झालं. बाबांचे सगळे प्रश्न पास झालेली जागाही डाळीत नापास व्हायची. सुरुवातीला बाबा हसायचे. पुढे पुढे ते स्वतःच झाकण उचलून पाहायला लागले.

अशा किती जागा आम्ही सोडल्या! एक भद्रावतीकडची, पुढेमागे तिथे खाण येईल अशी बोलवा होती. लोक भरपाई जास्त मिळावी म्हणून रिकाम्या वावरात लिंबाची रोपं खोचून ठेवत होते, ओळीने, जशी पोरं शाळेच्या फोटोला उभी. बाबांना मोह झाला. माय म्हणाली, "खानीतून निंघासाठी जागा पाहून राह्यलो, आन तुमी खान येते म्हून घेता?" दुसरी जागा चांगली सपाट, स्वस्त. बाबांनी सरकारी नोंद पाहिली तर झुडपी जंगल. तिथे एक झुडूप नव्हतं, बकऱ्यांनी गवतसुद्धा ठेवलं नव्हतं, पण कागदावर जंगल ते जंगल, घर बांधता येत नाही. बाबा बराच वेळ त्या उघड्या माळाकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "हजेरी लागून राह्यली, मानूस नाई." आणि तिसरी मोहर्लीकडची. पाणी गोड, डाळ लोण्यासारखी. पण तिथल्या म्हाताऱ्याने सहज सांगितलं की विहिरीवर संध्याकाळी वाघ येतो. आम्ही परतीची एसटी पकडली. त्याच बाजूला आता रिसॉर्ट उभे आहेत. वाघ येतो म्हणून आम्ही सोडून आलो आणि वाघ येतो म्हणून लोक तिथे पैसे देऊन राहतात. माझ्या भावाला हे आठवलं की अजून त्याला जेवण जात नाही.

शेवटी सिंदेवाहीच्या पुढचा प्लॉट आला. दलाल होते धनराजभाऊ, एरवी कापडाचं दुकान चालवायचे आणि जमीनही साडीसारखी झटकून दाखवायचे. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, रस्ता पायाखालीही आणि कागदावरही, सातबारा निर्मळ, नावावर एकच माणूस, तोही बिनबहिणीचा. आणि प्लॉटच्या मध्यापासून जरा कडेला मोहाचं झाड. केवढं! आम्ही तिघांनी हात धरून कवळ घातली तरी उरलं. होळीला थोडा अवकाश होता, पानं गळालेली, फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस धरलेले. बाबा धनराजभाऊंना प्रश्न विचारत होते. माय झाडाखाली गेली. खालची जमीन साफ होती, पाचोळा गोळा करून जाळलेला, झाडाभोवती मोठा काळा गोल. माय त्या गोलाकडे पाहत राहिली, वर फांद्यांकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मग माझ्या हातातली बाटली घेऊन स्वतःच विहिरीवर गेली.

त्या संध्याकाळी डाळ शिजली. मायने झाकण उचलून दाखवलं, हिंग-लसणाची फोडणी घातली, आणि म्हणाली, "हेच घ्या." एरवी प्रत्येक जागेत खोट काढणारी बाई एका वाटीत राजी झाली म्हणून बाबा इतके खूश की त्यांनी तिसऱ्यांदा भात मागितला. खरेदी झाली. बाबांनी गुंतवलं ते होतं नव्हतं ते सगळं. आणि खरेदीचे पेढे संपायच्या आत धनराजभाऊ गिऱ्हाईक घेऊन हजर. नागपूरचे एक शेठ, त्यांना हवाबदलासाठी बंगला बांधायचा होता. भाव ऐकून बाबा ओट्यावरून उठून उभे राहिले. आम्ही पोरं मायकडे पाहायला लागलो. आम्हाला वाटलं आता ती पळी आपटेल. आपटली नाही. इतकंच म्हणाली, "जागा दाखवासाठी नेता तं मीई येतो. पोरीलेई घेतो."

रविवारी शेठच्या जीपमधून गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसले होते, पण ते सुख मला भोगता आलं नाही, कारण शेठच्या बंगल्याच्या नकाशाची गुंडाळी माझ्या मांडीवर दिलेली होती आणि ती दुमडू नये म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. सकाळ कोवळी होती. प्लॉटजवळ उतरलो तर वास. मोहाच्या फुलांचा तो गोड, जड वास ज्याने घेतला त्यालाच कळेल. आणि आवाज, टप, टप, जसं कोणी वर बसून सावकाश मोजून टाकत आहे. झाडाखाली पिवळटसर पांढरा सडा पडलेला, आणि त्या सड्यात वाकून एक बाई टोपलीत फुलं वेचत होती. बाजूला तिची सून, आणि उखडलेल्या बांधावर एक म्हातारे बुवा बिडी ओढत बसलेले. बाई म्हणजे बिरजाबाई, अन् म्हातारे तिचे दीर, कवडूभाऊ. बांध्यांपलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गोंडांची माणसं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आमच्या जागेत तिघंजण आपल्या घरात असल्यासारखे वावरत आहेत.

बाबा पुढे झाले. "बाई, काय करून राह्यल्या?"

"दिसत नाई का? फुलं येचून राह्यली." तिने मान वर केली नाही.

"ही जागा माही हाय. खरेदी झाली."

"असन," बिरजाबाई म्हणाली. "जमीन तुमची असन, भाऊ. झाड माहं हाय. माह्या सासूनं मले दाखवून देल्लं, तिले तिच्या सासूनं."

बाबांनी धनराजभाऊंकडे पाहिलं. धनराजभाऊंनी झाडाकडे पाहिलं, जणू ते आत्ताच उगवलं होतं. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. जमीन कोणाचीही असो, मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात. फुलं ज्याची त्याची. होळीच्या आधी जो पाचोळा जाळून झाडाखाली साफ करतो, झाड त्याचं, हे सगळ्यांना माहीत. सगळ्यांना म्हणजे खाणीतल्या हजेरीबाबूला सोडून. बाबांचे सगळे प्रश्न जमिनीला होते. झाड कोणाचं, हा प्रश्न त्यांच्या हजेरीत नव्हताच.

शेठ हसले. "अरे बाई, जागा मी घेतली तर झाडपण माझंच ना. दोन टोपल्या फुलं तू ने, काय बिघडलं."

"दोन कायले? सगळेच नेतो," बिरजाबाई म्हणाली. "दरसाल नेतो."

शेठने माझ्या हातातला नकाशा घेऊन जीपच्या नाकावर पसरला. बंगला झाडाच्या अर्ध्या पसाऱ्याखाली येत होता. कवडूभाऊ उठून आले, बिडी कानामागे खोचली, नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. तोवर बांध्यांतून आणखी चार माणसं आली, कारण जीप आली की माणसं येतातच. कवडूभाऊंनी विचारलं, "छत सपाट हाय का उतरतं?"

"सपाट. स्लॅब."

"मंग अर्धे फुलं वर पडतीन."

"पडू देत."

"ते येचासाठी बिरजा कुठून जाईन?"

शेठ म्हणाले, छतावर पडलेली फुलं माझी. यावर जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. एकाचं मत पडलं की झाडावरून सुटलं ते फूल, मग ते कुठेही पडो, बिरजाचं. दुसरा म्हणाला, उतरतं छत करा, फुलं आपोआप खाली येतील, भांडणच नाही. तिसरा म्हणाला, कोणत्या बाजूला उतरतं? त्या बाजूला पडली तर शेजारच्या बांधीत जातील, तिथलं झाड माझं, मिसळली तर निवडायची कोणी? सगळी सकाळ त्या न बांधलेल्या छताच्या उतारात गेली. बाबा मध्ये उभे राहून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने बोलत होते. ते मालक होते पण त्यांना कोणी विचारत नव्हतं.

शेठचा आवाज जरा चढला. "जिना घरातून आहे, बैठकीच्या खोलीतून. बाहेरच्या माणसाचं काम नाही."

"बैठकीतून चालते मले," बिरजाबाई म्हणाली. "फटफटलं का मी येतो. दार उघडं ठेवजा. आन कुत्रा नका पाळू, माह्या सुनेले भेव वाटते."

"मग मी झाडच तोडतो!"

सगळ्यांनी वर झाडाकडे पाहिलं. फुलं पडतच होती, टप, टप. बिरजाबाईने टोपली कमरेवर घेतली. "तोडा," ती शांतपणे म्हणाली. "पन बदल्यात मले झाड द्या. एवढंच मोठं, एवढंच जुनं. आन या पावसाळ्याच्या आंधी द्या, पुढच्या साली मले फुलं पायजेत." कवडूभाऊंनी जोड दिली, "आन जंगलवाल्याची परवानगी आनजा, शेठ. ते देतीन. आमी जित्ते असू तं पाहाले येऊ."

शेठने नकाशा गुंडाळायला घेतला. गुंडाळता गुंडाळता, व्यवहारी माणूस होते म्हणून, शेवटचं विचारलं, "आणखी कोणाचा हक्क आहे का या जागेवर? एकदाच सांगून टाका."

कवडूभाऊंनी खरोखर विचार केला. "अस्वलाचा," ते म्हणाले. "मोहाच्या दिवसांत येते. पन ते कोनाले विचारत नाई, आन छतावर नाई चढत. मले तं वाटते नाई चढत."

जीप निघाली तेव्हा धनराजभाऊ चालत्या जीपमध्ये चढले. इतक्या वजनाचा माणूस इतका चपळ मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्या घरचे आम्ही तिघं तिथेच राहिलो. बाबा मोहाच्या मुळावर बसले. डोक्यावर टपकन एक फूल पडलं, ते त्यांनी काढलं नाही. आता त्यांना समजलं होतं की हा प्लॉट सिंदेवाहीपासून नागपूरपर्यंत कोणी घेणार नाही, कारण जीपमधून ही गोष्ट आता सगळीकडे जाणार होती. गुंतवलेलं सगळं त्या झाडाखाली पडलं होतं, आणि झाडही त्यांचं नव्हतं.

मग त्यांनी मायला विचारलं, "तुले माहीत होतं?"

माय पदराने माझं तोंड पुसत होती, माझं तोंड स्वच्छ असूनही. "खाली जाळलेलं होतं. उगाच कोन जाळते?"

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कुठी विचारलं? पानी विचारलं, रस्ता विचारला, बहिनी विचारल्या. मले काय विचारलं? डाळ शिजली का. शिजली होती."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते चिडतील. पण मोठ्या साहेबाने हजेरीपट तपासून बिनचूक आहे म्हटल्यावर बाबांचा चेहरा जसा व्हायचा, तसा काहीसा झाला होता. फरक एवढाच की बिनचूक दुसऱ्याचं निघालं होतं. कुठलाही शेठ ही जागा घेणार नाही हे तिला होळीआधीच ठाऊक होतं, आणि राहणाऱ्याला मोहाचं झाड अंगणात असण्यात काही अडचण नसते हेही.

माय उठून बिरजाबाईकडे गेली. दोघी एकमेकींच्या वयाच्या, बोलायला लागल्या तेव्हा एकमेकींच्या माहेरची गावं निघाली, त्यात नदी एकच निघाली. मायने विचारलं, "जिना बाहेरून काढला तं?"

बिरजाबाईने टोपली खाली ठेवली. "छत सपाट ठेवजा. फुलं वरच वाळवतो. खाली कोंबड्या वाळू देत नाई."

"ठेवतो."

"मंग झालं."

एवढंच. शेठला, बाबांना आणि सहा माणसांना जे सकाळभर सुटलं नव्हतं ते दोघींनी वेचलेल्या फुलांवरून हात फिरवत सोडवलं. आजही मी त्याच घरात राहते, आणि नवीन माणूस आलं की हमखास विचारतं, बाई, जिना बाहेरून कशाला, वर तर कोणी राहत नाही. आता बिरजाबाईची सून येते, तिचे गुडघे दुखतात, म्हणून कठड्याला मी पाइप लावून घेतला आहे. परवा एकजण रिसॉर्टसाठी जागा शोधत आला होता, त्याने कागद पाहिले, सगळे चोख निघाले, तोंडभर हसला. मग मी त्याला जिन्याची हकिगत सांगितली. चहा अर्धा टाकून गेला.

त्या दिवशी मात्र घर नव्हतं, नुसती जागा होती. बिरजाबाईने जाळलेल्या पाचोळ्याची राख सुपात भरून दिली, आणि मायने वाकून राखेने जमिनीवर स्वयंपाकघराची रेघ ओढली. कवडूभाऊंनी कुठूनशी दोरी आणली, तिचं एक टोक बाबांच्या हातात दिलं. बाबा उठून उभे राहिले, डोक्यावरच्या फुलासकट. माय म्हणाली इथे चूल. बिरजाबाई म्हणाली, खाली मूळ हाय, तडकन, जरा इकडं सरक. चूल सरकली. चुलीबरोबर भिंत सरकली, भिंतीबरोबर बाबा सरकले. मग खिडकी. माय त्या न बांधलेल्या भिंतीसमोर उभी राहिली, एकदा इथून पाहिलं, एकदा तिथून, दोनदा वाकून पाहिलं. बिरजाबाईही तिच्या शेजारी वाकली. दोघींचं पटलं की खिडकी आणखी हातभर डावीकडे हवी. बाबा पुन्हा सरकले. स्वयंपाकघर असं वाढत वाढत त्यांच्या पायापर्यंत आलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. उरलेल्या जागेत जिना आला होता.

"आन मी कुठी बसू?" बाबांनी विचारलं.

माय रेघ ओढत होती, तिने वर पाहिलं नाही. "तुमी दोरी धरा."